काळी कोंबडी आणि अंड्याचा रंग

सांवेर रोडच्या उद्योगवसाहतीमुळे परिचित असलेल्या इंदूर शहराच्या पश्चिमेस, सुमारे दीडशे किलोमीटरवर झाबुआ जिल्हा आहे. तेथील कडकनाथ ही कोंबडी निसर्गाचे एक नवलच म्हणावी लागेल. तिची कातडी, तुरा व जीभ काळपट असतेच. परंतु मांस, हाडे आणि आतील इंद्रिये यांवरही काळी झाक आढळते. रक्त मात्र लालच! स्थानिक लोक तिला ‘कालामासी’ म्हणतात. तिच्या मांसास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

अशा कोंबडीचे अंडेही काळेच असणार, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते दुधाळ किंवा फिकट तपकिरी रंगाचे असते. कारण अंगाचा काळा रंग मेलॅनिन या द्रव्याचा. पिलू अंड्यात वाढत असतानाच त्याच्या रंगपेशी आतील भागांत पसरतात. कवचाच्या रंगाची व्यवस्था सर्वस्वी निराळी आहे.

बहुतेक कोंबड्यांमध्ये केवळ डावे अंडाशय व डावी अंडनलिका कार्यक्षम असते. बलक सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत सुमारे पंचवीस तास लागतात. त्यांपैकी वीसएक तास कवच घडण्यात जातात. कवचासाठी दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागते. रात्री पोटात खाद्य कमी असते, तेव्हा पायाच्या हाडांतील खास साठ्यातून त्याचा काही भाग घेतला जातो. चुनखडीचे हे कवच मूळचे पांढरे. तपकिरी रंगाचा हात प्रामुख्याने अखेरच्या काही तासांत वरून फिरतो. म्हणून अशा कवचाची आतील बाजू पांढरट दिसते. चिलीमधील अरौकाना कोंबडीच्या अंड्याचा निळा रंग मात्र कवचात आरपार मुरलेला असतो.

कानाची पाळी पांढरी तर अंडे पांढरे, पाळी लाल तर अंडे तपकिरी, असा एक जुना ठोकताळा आहे. लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड या जातींना तो लागू पडतो. लाल पाळीची अरौकाना तो खोटा ठरवते.

ग्राहकाने ध्यानी घ्यावे ते इतकेच, की कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो. त्यावरून अंड्याचा कस ठरत नाही. मक्यासारख्या खाद्याने पिवळा होतो तो बलक. तरीही तपकिरी अंडे ‘गावरान’ म्हणून चढ्या दराने खपते.

कुक्कुटपालकांच्या दृष्टीने ही बाब अधिक गंभीर आहे. पश्चिम महाराष्ट्रात अनेकांनी कडकनाथची अंडी व पक्षी भारी दराने परत घेण्याच्या आश्वासनावर पैसे गुंतविले. २०१९ मध्ये ही खरेदी बंद पडली आणि शेतकऱ्यांच्या दारी पक्षी व कर्ज तेवढे उरले. कडकनाथ वर्षाकाठी शंभराच्या आसपास अंडी देते, सुधारित लेगहॉर्न तीनशेच्या घरात. शिवाय कडकनाथ सहसा खुडूक बसत नाही. तिची अंडी यंत्रात किंवा दुसऱ्या कोंबडीखाली उबवावी लागतात. तो खर्चही हिशेबात धरावा.