केळीच्या सोपटातली टोपी

मुक्ताईनगरहून, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादहून, रावेरकडे जाताना केळीच्या बागा लागतात. घड उतरवून झालेल्या एखाद्या बागेत डोकावून पाहा. केळीचे हिरवे खांब जमिनीवर आडवे पडलेले दिसतील. केळ एकदाच विते. घड कापला की त्या खांबाचे काम संपते आणि शेजारची पिले पुढचे पीक देतात. मग या खांबाचे करायचे काय? बांधावर फेकायचे? त्यापासून टोपी होऊ शकते असे सांगितले, तर तुम्ही हसाल. म्हणून आधी एक साधा प्रश्न सोडवू या.

कापड हे जात्याच लुळे. ते हातात धरले की लोंबते. मग टोपी डोक्यावर ताठ कशी बसते? जुन्या चित्रांतल्या युरोपीय स्त्रियांचे घंटेसारखे फुगलेले घागरे खाली का कोसळत नसत?

पहिला उपाय तुमच्या घरातच आहे: खळ. १९३६ सालच्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्या काळी घरोघर दिसणारी खादीची पांढरी टोपी ताठ राही ती खळीच्या जोरावर. पिठाचे कण गरम पाण्यात फुगतात व फुटतात. त्यांतील स्टार्चचे लांबलचक रेणू कापडाच्या धाग्यांत शिरतात आणि वाळल्यावर धाग्याला धागा जखडून टाकतात. मात्र पावसाची सर आली की ही पकड सुटते व टोपी मान टाकते.

दुसरा उपाय पट्टीचा. तुमची लाकडी फूटपट्टी आडवी धरून वाकवा. ती सहज वाकेल. आता ती कडेवर उभी धरून वाकवून पाहा. वाकत नाही ना? पट्टी ३० मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड असेल, तर उभी धरल्यावर ती १०० पट ताठ होते. कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. युरोपात स्त्रिया कमर आवळण्यासाठी कॉर्सेट नावाची घट्ट काचोळी घालत. तिच्या शिवणीत अशाच चपट्या, अरुंद पट्ट्या घातलेल्या असत. त्या अंगाबरोबर थोड्या वाकत, पण कापडाला चुरगळू देत नसत.

या पट्ट्या कशाच्या? बऱ्याचशा देवमाशाच्या! काही जातींच्या देवमाशांना दात नसतात. त्यांच्या वरच्या जबड्याला झालरीसारख्या लांब पट्ट्या लोंबतात व त्यांतून ते पाण्यातील बारीक जीव गाळून खातात. या पट्ट्यांना ‘व्हेलबोन’ म्हणत, पण ते हाड नव्हे. आपली नखे आणि बैलाचे शिंग ज्या केरॅटिनचे बनते, त्याचेच ते बनलेले असते. वाफेवर ते मऊ होते, हवे तसे वाकते आणि गार झाल्यावर तो आकार धरून ठेवते. या गुणापायी, आणि तेलापायी, देवमाशांची बेसुमार शिकार झाली. व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव व्हायला १९८२ साल उजाडावे लागले.

घागऱ्याचा आकार टिकवण्यासाठी आधी घोड्याचे केस व सुती किंवा तागाचे धागे विणून केलेले ताठ कापड वापरत. फ्रेंच भाषेत ‘क्रँ’ म्हणजे घोड्याचा केस. म्हणून त्याला क्रिनोलिन म्हणत. १८५६ साली पोलादी कड्यांच्या पिंजऱ्याचे पेटंट पॅरिसमध्ये घेतले गेले. एकावर एक घातलेल्या जड परकरांचे ओझे त्याने उतरवले. पण घेर एवढा मोठा, की तो शेगडीला लागून पेटे आणि अनेक स्त्रियांनी त्यात प्राण गमावले. वस्तू कशाची बनवायची हा प्रश्न पुष्कळदा असा जिवावर येतो.

तिसरा उपाय धाग्याचा, आणि इथे आपली केळ येते. फिलिपाइन्समध्ये अबाका नावाची एक केळ आहे. तिची फळे खात नाहीत, पण खांबातला धागा राठ आणि चिवट असतो. त्याच्या विरळ विणीच्या ‘सिनामाय’ कापडाला खळ देऊन, साच्यावर ओढून, जगभर स्त्रियांच्या टोप्या करतात. आपली केळ अबाकाच्याच प्रजातीतली. तिचा खांब खरे खोड नव्हे, तर एकात एक गुंडाळलेली पानांची सोपटे. घडाचा भार व वाऱ्याचा झोत ती सोसतात, ते त्यांतील धाग्यांच्या बळावर.

आता प्रयोग करा. ताज्या खांबाचे एक सोपट सोलून फळीवर पसरा. बोथट सुरीने दाबून, एकाच दिशेने खरवडा. गर निघून जाईल व चकचकीत धागे उरतील. ते धुऊन सावलीत वाळवा. (जुने कपडे घाला; केळीचा डाग जात नाही!) धागे आडवे-उभे मांडून भाताच्या पेजेत भिजवा, पालथ्या वाटीवर बसवा आणि दोन दिवस वाळू द्या. वाटी काढल्यावर इवलीशी टोपी उरेल. आपल्या केळीचा धागा अबाकाहून मऊ, म्हणून खळ थोडी दाट हवी.

मात्र हिशेबही करा. खांबात नऊ दशांशांहून अधिक पाणीच. शंभर किलो खांबातून कोरडा धागा निघतो तो किलोभराच्या आसपास. शिवाय खांबात पालाश भरपूर. तो सगळा बाहेर नेला तर जमीन तेवढी गरीब होईल. म्हणून धागा काढून घ्यावा आणि उरलेला चोथा कुजवून बागेलाच परत द्यावा, हा शहाणपणाचा मार्ग.

देवमाशाला मारल्याशिवाय त्याची पट्टी मिळत नसे. केळीचा धागा मात्र तिचे काम संपल्यावर मिळतो. बांधावरच्या त्या खांबाकडे आता तुम्ही कोणत्या नजरेने पाहाल?