गारवा हवा, कुबट वास नको!

पावसाळ्याच्या दिवसांत मोटारीत बसून एसीचे बटण दाबावे आणि पहिल्याच झोतासरशी ओल्या गोधडीसारखा कुबट वास नाकात शिरावा, हा अनुभव शहरातील अनेक वाहनधारकांच्या परिचयाचा आहे. मिनिटभरात वास विरतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. फार झाले तर आरशाला सुगंधी पुठ्ठा टांगला जातो किंवा डॅशबोर्डवर अत्तराची कुपी बसविली जाते. मात्र, सुगंधाने वास झाकला जातो. त्याचे मूळ नाहीसे होत नाही. हे मूळ बहुतेक वेळा डॅशबोर्डच्या आत, नजरेआड साचलेल्या ओलाव्यात असते.

ओलावा येतो कुठून?

मोटारीतील हवा थंड करण्याचे काम 'इव्हॅपोरेटर' करतो. बारीक नळ्या आणि त्यांना जोडलेले धातूचे पातळ पत्रे यांचा हा जाळीदार ठोकळा असतो. ब्लोअरने ढकललेली हवा या थंडगार जाळीतून जाते, तेव्हा गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटावा त्याप्रमाणे हवेतील बाष्प पत्र्यांवर थेंबांच्या रूपाने जमते. हे पाणी एका नळीवाटे मोटारीखाली ठिबकत राहते.

प्रवास संपताच इंजिन, एसी आणि ब्लोअर एकदम बंद करण्याची सर्वसाधारण सवय असते. त्या वेळी इव्हॅपोरेटर चिंब ओला असतो. आत अंधार, ओलावा आणि हवेबरोबर आलेली धूळ, असे बुरशी व जिवाणूंना पोषक वातावरण आयतेच मिळते. त्यांच्या वाढीतून निर्माण होणारी वायुरूप द्रव्ये म्हणजेच तो कुबट वास. मुंबई आणि कोकणपट्टीत ऐन पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांहून अधिक असते. त्यामुळे एकदा भिजलेला इव्हॅपोरेटर लवकर सुकत नाही. घर ते कचेरी अशा छोट्या फेऱ्या करणाऱ्या मोटारींत तर तो सुकायला सवडच मिळत नाही.

हा प्रश्न केवळ नाकापुरता नाही. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू झोताबरोबर थेट चेहऱ्यावर येतात. निरोगी माणसाला फार तर शिंका येतील. परंतु दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांचा त्रास त्यामुळे बळावू शकतो. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर मोटारीतील कुबट वासाकडे काणाडोळा करणे योग्य नव्हे.

वास ओळखा

उपाय करण्यापूर्वी वास नेमका कोणता, हे पाहणे आवश्यक असते. एसी सुरू करताच येणारा आणि थोड्या वेळात ओसरणारा कुबट वास इव्हॅपोरेटरकडे बोट दाखवितो. एसी बंद असतानाही वास कायम राहत असेल, तर पायाखालचा गालिचा ओला असण्याची शक्यता अधिक. कुजका, असह्य दर्प आल्यास हवेच्या मार्गात उंदीर मेला असण्याचा संशय घ्यावा. गोडसर वास येऊन समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल, तर हीटरमधून कूलंट गळत असण्याची शक्यता असते. जळका वास किंवा धुराचा वास आला, तर मोटार तातडीने सुरक्षित जागी थांबवून तपासणी करून घ्यावी. या शेवटच्या प्रकारांत साफसफाईने काम भागत नाही.

उपायांचा क्रम

स्वस्त उपायाकडून महागड्या उपायाकडे जाणे शहाणपणाचे. प्रथम केबिन फिल्टर पाहावा. तो बहुतेक मोटारींत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काही जुन्या मोटारींत मात्र बसविलेलाच नसतो. काळवंडलेला वा दमट फिल्टर बदलणे हाच मार्ग. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये. वायपरच्या खाली, काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीत झाडांचा पालापाचोळा साचतो आणि कुजतो. बाहेरची हवा तेथूनच आत येत असल्याने ही जागा स्वच्छ ठेवावी.

त्यानंतर पाणी वाहून नेणारी नळी तपासावी. दमट हवेत पंधरा-वीस मिनिटे एसी चालवूनही मोटारीखाली थेंब पडत नसतील, तर नळी तुंबलेली असू शकते. अशा वेळी पाणी उलटे फिरून आतील गालिचा भिजवते. गालिचा ओला झाला असेल, तर त्याखालील जाड अस्तरही उन्हात वा पंख्याखाली पूर्ण वाळवावे लागते.

एवढ्यानेही वास राहिला, तर इव्हॅपोरेटर स्वच्छ करण्यासाठी मिळणारा फेसाळ क्लीनर वापरता येतो. इंजिन बंद ठेवून, डब्यावरील सूचनांनुसारच तो आत सोडावा आणि नंतर खिडक्या उघड्या ठेवून ब्लोअर चालवावा. विजेच्या जोडण्यांवर फेस जाण्याचा धोका असल्याने माहीतगार मेकॅनिककडून हे काम करून घेणे श्रेयस्कर. डॅशबोर्ड उतरवून इव्हॅपोरेटर बाहेर काढणे हा वेळखाऊ आणि खर्चिक उपाय अखेरचाच समजावा. एसीत गॅस भरल्याने गारवा वाढेल, कुबट वास जाणार नाही, हेही लक्षात ठेवावे.

पाच मिनिटांची सवय

वास परत येऊ नये यासाठीचा उपाय मात्र बिनखर्चाचा आहे. मुक्कामाला पोहोचण्याच्या सुमारे पाच मिनिटे आधी एसीचे बटण बंद करावे, ब्लोअर मोठा ठेवावा आणि बाहेरची हवा आत घेण्याची सोय सुरू करावी. त्यामुळे इव्हॅपोरेटरवरील बरेचसे पाणी उडून जाते. मुसळधार पावसात समोरच्या काचेवर धुके धरू लागल्यास मात्र हा प्रयोग सोडून एसी पुन्हा सुरू करावा. समोरचा रस्ता स्वच्छ दिसणे अधिक महत्त्वाचे. इव्हॅपोरेटर सुकविण्यासाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसणे तर जिवावर बेतू शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. काही नव्या मोटारींत इंजिन बंद झाल्यानंतर ब्लोअर आपोआप चालवून इव्हॅपोरेटर सुकविण्याची व्यवस्था असते. ती आपल्या मोटारीत आहे का, हे सोबतच्या पुस्तिकेत पाहावे.

भिजलेल्या छत्र्या आणि रेनकोट मोटारीत तसेच ठेवू नयेत, मॅट वेळोवेळी बाहेर काढून वाळवाव्यात आणि ऊन पडले की मोटारीची दारे थोडा वेळ उघडी ठेवावीत. मोटारीचा आतला भाग कोरडा राहिला, तर अत्तराच्या कुपीची गरज सहसा भासत नाही.