कोणी न घेतलेल्या जमिनीवरून : नेब्रास्का ते नेव्हाडा, कमी खर्चात

अमेरिकेतील मोटारप्रवास म्हटला की ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी आणि झायन ही नावे ठरलेली असतात, आणि खर्चाचा मोठा भागही नेमका या नावांपायीच होतो. कारण उद्यानाच्या दारातील मोटेलांचे हंगामी भाडे आणि कित्येक महिने आधी भरून जाणाऱ्या तंबूंच्या जागा यांच्या जोडीला आता परदेशी पाहुण्यांवरील वाढीव शुल्कही आले आहे. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या प्रौढ पर्यटकाला अशा गर्दीच्या ११ राष्ट्रीय उद्यानांत नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज माणशी १०० डॉलर जादा भरावे लागतात. वार्षिक पास घेतल्यास ही जादा रक्कम टळते, पण रहिवाशांना ८० डॉलरला मिळणारा तो पास परदेशी पर्यटकाला २५० डॉलरला पडतो. मुलाकडे किंवा मुलीकडे चार महिने राहायला गेलेल्या मराठी आई-वडिलांना हा हिशेब चांगलाच जाणवतो. मात्र त्याच देशात प्रवेश फुकट, मुक्काम फुकट आणि गर्दी जवळजवळ नाही, असेही मोठे प्रदेश आहेत, आणि ते तसे का राहिले याचे कारण जमिनीच्या मालकीच्या इतिहासात आहे.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे वस्ती आणि लागवड करणाऱ्या कुटुंबाला १६० एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्कात मिळू लागली. नेब्रास्कासारख्या पाऊसपाण्याच्या राज्यात लोकांनी ती भराभर घेतली, त्यामुळे तेथे आज संघराज्य सरकारच्या हाती जेमतेम एक टक्का जमीन उरली आहे. उलट नेव्हाडात १६० एकरांवर एका कुटुंबाचे पोट भरणे अशक्य असल्याने ती फारशी कोणी मागितलीच नाही आणि राज्याची सुमारे ८० टक्के जमीन सरकारकडेच राहिली. १९७६ च्या एका कायद्याने ही उरलेली जमीन यापुढे सार्वजनिक मालकीतच ठेवण्याचे धोरण पक्के केले. तिचा कारभार मुख्यतः ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, हे खाते पाहते आणि देशभरात त्याच्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. तिच्यावर बहुतेक ठिकाणी 'डिस्पर्स्ड कॅम्पिंग', म्हणजे आखून दिलेल्या तळाबाहेर, नळ-वीज-शौचालयाविना तंबू ठोकणे किंवा गाडीत झोपणे, विनामूल्य चालते. एका जागी साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसांपर्यंत राहता येते, मग मुक्काम हलवावा लागतो. स्वस्त अमेरिकेचा खरा पाया हा आहे, हॉटेलच्या सवलतींचे कूपन नव्हे. अर्थात 'कोणी न घेतलेली' हे वर्णन कायद्याच्या कागदापुरतेच खरे मानावे. वेस्टर्न शोशोनी लोकांनी १८६३ च्या रूबी व्हॅली तहात गोऱ्या प्रवाशांना वाट दिली, जमिनीचा मालकी हक्क सोडला नाही, आणि हा वाद विसाव्या शतकात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

या जमिनीचा उलगडा नीट व्हावा यासाठी नेब्रास्काच्या पश्चिम टोकापासून नेव्हाडापर्यंतचा मार्ग सोयीचा पडतो. एकोणिसाव्या शतकात बैल जोडलेल्या गाड्यांतून ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाकडे गेलेले लाखो स्थलांतरित आणि १८६०-६१ मध्ये धावलेली 'पोनी एक्स्प्रेस' ही घोडेस्वारांची टपालसेवा यांच्या वाटा ढोबळमानाने याच बाजूने जात होत्या. नॉर्थ प्लॅट नदीकाठी सुमारे ८०० फूट उठावलेला स्कॉट्स ब्लफ हा कडा त्या प्रवाशांची दुरून दिसणारी खूण होता. आज तो राष्ट्रीय स्मारक असून प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तेथून तासाभरावर, अलायन्स या गावाबाहेर, 'कारहेंज' नावाचा अस्सल अमेरिकी विक्षिप्तपणा उभा आहे. जिम राइंडर्स यांनी १९८७ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ इंग्लंडमधील स्टोनहेंजची नक्कल जुन्या मोटारी उभ्या-आडव्या रचून केली आणि सगळ्यांना एकच राखाडी रंग फासला. कला म्हणून त्याचे मोल काय, यावर मतभेद होऊ शकतात. पाहायला मात्र दमडी लागत नाही. नेब्रास्कात सार्वजनिक जमीन जवळजवळ नसल्यामुळे मुक्कामाची सोय वेगळी असते : अनेक लहान गावे आपल्या बागेच्या एका कोपऱ्यात प्रवाशांना अल्प देणगीवर किंवा मोफत रात्र काढू देतात.

वायोमिंगमध्ये शिरल्यावर फोर्ट लॅरमी हे विनाशुल्क ऐतिहासिक स्थळ लागते, ज्याच्या नावाने मूळ रहिवाशांशी झालेले १८५१ आणि १८६८ चे, पुढे मोडले गेलेले, तह ओळखले जातात. जवळच्या ग्वेर्न्सी गावाबाहेर वालुकाश्मात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या काही ठिकाणी पाच फुटांपर्यंत खोल आहेत. माणूस त्यांत उतरला की दोन्ही बाजूंचा दगड छातीपर्यंत येतो, आणि किती गाड्या गेल्या असतील हे कोणत्याही संग्रहालयातील फलकापेक्षा तेथे अधिक लवकर कळते. राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात केमररजवळ फॉसिल ब्यूट हे आणखी एक विनाशुल्क स्मारक आहे. सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वी तेथे उष्ण हवेतील सरोवर होते आणि त्याच्या गाळात दबलेले मासे खवल्यांसकट, काट्यांसकट शिळेवर उमटलेले दिसतात.

युटातील बॉनेव्हिल मीठपठार आंतरराज्य महामार्ग ८० च्या कडेलाच आहे. हिमयुगातील एक अवाढव्य सरोवर आटून मागे राहिलेला हा मिठाचा थर इतका सपाट आहे की १९७० मध्ये 'ब्लू फ्लेम' या रॉकेटगाडीने तेथे ताशी सुमारे १,००० किलोमीटरचा वेग गाठला. महामार्गालगतच्या विश्रांतिस्थळी गाडी लावून पायी जावे हे उत्तम. भाड्याची गाडी मिठावर नेल्यास करार मोडण्याची, आणि कडेच्या ओल्या भागात चाके रुतण्याची शक्यता असते.

येथून दक्षिणेला वळून ईली गावी पोहोचले की प्रवासाचा सर्वांत समृद्ध भाग सुरू होतो. नेव्हाडा राज्य आडवे कापणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५० ला 'लाइफ' मासिकाने जुलै १९८६ मध्ये अमेरिकेतील सर्वांत एकाकी रस्ता ठरवले आणि निर्जन जागी निभावून नेण्याची खात्री नसेल तर तेथे जाऊच नये, असा वाहनचालकांसाठीचा इशाराही छापला. नेव्हाडाच्या पर्यटन खात्याने या टीकेचीच जाहिरात केली : वाटेतल्या गावांतून एका पुस्तिकेवर शिक्के जमवणाऱ्याला 'जगून-वाचून आल्याचे' प्रमाणपत्र मिळू लागले, आणि ही गंमत आजही फुकट आहे. राज्यातील या रस्त्याची एकूण लांबी सुमारे ४०९ मैल आहे. गॅलनला ३० मैल देणाऱ्या गाडीला त्यासाठी १४ गॅलन, म्हणजे सुमारे ५३ लिटर, पेट्रोल पुरते.

हा सारा प्रदेश 'ग्रेट बेसिन' म्हणून ओळखला जातो, म्हणजे येथील एकही नदी समुद्राला मिळत नाही. पाणी खाऱ्या सरोवरात जाते किंवा वाटेतच आटते. भूकवच ताणले जाऊन तुटल्यामुळे उत्तर-दक्षिण डोंगररांगा आणि त्यांमधील सपाट दऱ्या एकाआड एक पसरल्या आहेत, त्यामुळे रस्ता खिंड चढतो, उतरतो, सेजब्रश या करड्या, उग्र वासाच्या झुडपांच्या मैदानातून सरळ रेषेत धावतो आणि पुन्हा खिंड चढतो. ईलीच्या पूर्वेला, बेकर या चिमुकल्या गावाजवळ, १९८६ मध्ये स्थापन झालेले ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यान आहे. त्याला प्रवेशशुल्क नाही. पैसे पडतात ते उद्यानातील तंबूच्या जागेचे आणि लेहमन गुहेच्या मार्गदर्शित फेरीचे, जिचे तिकीट आधीच काढलेले बरे. सुमारे १३,००० फूट उंचीच्या व्हीलर शिखराच्या कुशीपर्यंत १२ मैलांचा घाटरस्ता जातो, पण त्याचा वरचा भाग बर्फामुळे बहुधा जूनपर्यंत बंद असतो.

घाटमाथ्यावरून पायी गेल्यावर ब्रिसलकोन पाइन वृक्ष भेटतात. त्यांचे खोड पिळवटलेले, साल निघून उघडी पडलेली लाकडे वाऱ्याने गुळगुळीत झालेली आणि एखाद्याच पट्टीतून रस चढून एका फांदीवर हिरव्या सुयांचा झुपका टिकलेला, असे त्यांचे रूप असते. थंडी, कोरडेपणा आणि नापीक माती यांमुळे वाढ अतिशय मंद होते, लाकूड घट्ट व राळेने भरलेले बनते आणि कीड-बुरशीला दाद देत नाही. १९६४ मध्ये, हे उद्यान होण्यापूर्वी, एका संशोधक विद्यार्थ्याने वन खात्याच्या परवानगीने येथील 'प्रॉमिथियस' नावाचा वृक्ष तोडला आणि त्याच्या खोडात ४,८०० हून अधिक वर्षवलये मोजली गेली. ज्ञात वृक्षांपैकी सर्वांत वृद्ध वृक्ष वय शोधण्यासाठी तोडला जावा, हा वनसंशोधनाच्या इतिहासातील लाजिरवाणा प्रसंग होय.

पश्चिमेकडे जाताना युरेका येथील १८८० चे ऑपेरा हाउस आणि ऑस्टिन हे चांदीच्या खाणींमुळे वसलेले व खाणींबरोबर ओसरलेले गाव लागते. या दोहोंमध्ये हिकिसन येथे बीएलएमचा मोफत तळ असून शेजारच्या खडकांवर कातळशिल्पे कोरलेली आहेत. फॅलनजवळच्या ग्राइम्स पॉइंट येथे, एका आटलेल्या प्राचीन सरोवराच्या काठी, काळ्या दगडांवर त्यांहून जुनी खळग्यांची नक्षी आहे. रत्नागिरीच्या सड्यांवरील कातळशिल्पे पाहिलेल्या माणसाला येथे फरक चटकन जाणवेल : कोकणात ती आडव्या जांभ्यावर पायांखाली पसरलेली असतात, येथे सुट्या धोंड्यांवर. पोनी एक्स्प्रेसच्या ठाण्यांचे दगडी अवशेषही याच पट्ट्यात आहेत. खंडपार तारयंत्राची तार १८६१ च्या ऑक्टोबरात जोडली गेली आणि जेमतेम दीड वर्ष चाललेली ही सेवा लगेच बंद पडली.

व्यवहाराच्या काही गोष्टी आधी ठरवाव्यात. एका शहरात घेतलेली गाडी दुसऱ्या शहरात सोडल्यास जबर शुल्क पडते, म्हणून वेळ कमी असल्यास सॉल्ट लेक सिटी, वेंडोव्हर, ईली, ग्रेट बेसिन, डेल्टा आणि पुन्हा सॉल्ट लेक सिटी असा फेरा घ्यावा. २५ वर्षांखालील चालकाकडून भाडेकंपन्या बहुधा रोजचे जादा पैसे घेतात. वाहन परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात, तेव्हा आरटीओकडून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर असावा. हिकिसनसारख्या तळावर पाणी नसते; माणशी रोज एक गॅलन पाणी आणि शाकाहारी असल्यास शिधा व गॅसची लहान शेगडी शहरातूनच घ्यावी. टाकी अर्धी झाली की पहिल्याच पंपावर ती भरावी. मोबाइलची रेंज मैलोन्‌मैल नसते, म्हणून कागदी नकाशा हवाच, आणि उन्हाळ्यात शेकोटीवर बंदी असू शकते.

अमेरिकेला आयुष्यात एकदाच आणि आठ दिवसांसाठी जाणाऱ्याने ग्रँड कॅन्यन टाळून हिकिसनला यावे असे सुचवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांची मुले तिकडे आहेत, ज्यांची दुसरी-तिसरी खेप आहे आणि ज्यांना तंबूत झोपण्याची लाज वाटत नाही, त्यांनी मात्र सप्टेंबर महिना धरावा. तेव्हा घाटरस्ता उघडा असतो, अमेरिकी शाळा सुरू झालेल्या असतात आणि ग्रेट बेसिनमध्ये तंबूची जागा मिळाली नाही तरी जवळच्या सॅक्रामेंटो पास येथील बीएलएमच्या तळावर एक पैसाही न देता रात्र काढता येते.