एक हंगाम उसाचा, एक फुटबॉलचा



आपल्या अंकात ऊस, पाणी, खत आणि रिकव्हरी यांवाचून दुसरे काही येऊ नये, असे काही सभासदांचे मत आहे. ते अगदीच चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. तरी या वेळी फुटबॉलवर लिहीत आहोत, त्याला कारण घडले. गेल्या हंगामात एक सभासद गटकार्यालयात आले नि म्हणाले, "पोरगा म्हणतो माझी मॅच हाय, अन् टोळी तर उद्या फडात यायलीय. एका पोराच्या मॅचमुळं असं काय अडलंय हो?" त्यांना नीट उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही. म्हणून महाविद्यालयांतील खेळाच्या सरांकडे बसून माहिती घेतली, ती येथे देत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे महाविद्यालयाच्या संघाचा हंगाम फार आखूड असतो. गावातल्या मंडळाचा संघ वर्षभर केव्हाही खेळतो, तसे येथे नाही. जून-जुलैत प्रवेश होतात, पावसाची उघडीप बघून निवड चाचणी होते, आणि साधारण सप्टेंबरपासून आंतरमहाविद्यालयीन सामने लागतात. हे सामने बहुधा बाद पद्धतीचे. म्हणजे एकदा हरला की संपले, पुढचा सामना पुढच्या वर्षी. उसाच्या हंगामात एक दिवस मिल बंद पडली तर दुसऱ्या दिवशी जास्त गाळप करून थोडेफार भरून काढता येते. येथे भरून काढायला दुसरा दिवसच मिळत नाही.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९९४ साली झाले; त्याआधी औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ होते, ते १९५८ चे. वसमतचा किंवा कळमनुरीचा मुलगा आधी आपल्या महाविद्यालयाकडून खेळतो. तेथे निवड समितीच्या नजरेत भरला तर विद्यापीठाच्या संघात जातो. विद्यापीठाचा संघ शिबिर करून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तेथे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा अशा राज्यांतील विद्यापीठे येतात. विभागात वरचे क्रमांक मिळाले तर अखिल भारतीय स्पर्धा. ही सगळी व्यवस्था भारतीय विद्यापीठ संघ, ज्याला एआययू म्हणतात, तो पाहतो. २०२० साली भुवनेश्वरला पहिल्यांदा खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाल्या, तीही वाट याच शिडीवरून जाते. मुलींचे सामने वेगळे असतात आणि मुलींनाही हीच शिडी आहे, हे मुद्दाम लिहितो. पुष्कळ घरांत ते माहीत नसते.

आता वयाचे. आंतरविद्यापीठ खेळाला वय १७ ते २५ च्या दरम्यान लागते आणि ते १ जुलैला मोजतात. म्हणजे मुलाच्या हातात मोजून तीन-चार, फार तर पाच हंगाम येतात. त्यातला एक आपण "पुढच्या साली खेळ की" म्हणून सोडून देतो, तेव्हा पाचातला एक जातो. खोडवा ठेवावा तसा तो पुढे ठेवता येत नाही.

मग एका पोराने काय अडते? मैदानाचा हिशेब करून बघा. मोठ्या सामन्याचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. आपल्या भाषेत एक एकर तीस गुंठे. एवढ्या रानात दीड तास अकरा जण धावायचे. त्यातला एक गोलरक्षक जागेवर, म्हणजे राहिले दहा. एक कमी झाला की प्रत्येकाच्या वाट्याला येणारे रान वाढते. पहिल्या अर्ध्यात ते कळत नाही, पण शेवटच्या वीस मिनिटांत पाय उचलेनासे झाले की गोल तेव्हाच होतात. नियमाप्रमाणे सात खेळाडू असले तरी सामना सुरू होऊ शकतो. त्याहून कमी असले तर समोरच्याला पुढे चाल मिळते. मोठ्या शहरातल्या महाविद्यालयाकडे बदली खेळाडूंची रांग असते. आपल्याकडे सोळांची यादी दिली तरी प्रत्यक्ष सरावाला दहा-बारा येतात. त्यातला कोणी नांगराला, कोणी पाण्याच्या पाळीला गेलेला असतो. आणि जो गोलरक्षक दोन महिने सराव करून तयार झाला, त्याच्या जागी ऐनवेळी दुसरा उभा केला तर चेंडू कुठून येणार याचा त्याला अंदाजच नसतो.

दमसासाचेही असेच. दोन-तीन आठवडे सराव सुटला की कमावलेला दम उतरू लागतो. तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत गेला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हे आपणांस सांगायला नको. त्यातलाच प्रकार समजा. आपल्या काळ्या मातीचाही त्रास आहे. पावसात बुटाला किलो-किलो चिखल लागतो आणि दिवाळीनंतर तीच जमीन भेगाळून दगडासारखी होते, घोटे मुरगळतात. मुरूम टाकून रोलर फिरवलेले मैदान सगळीकडे नाही. खाण्याच्या बाबतीत मात्र आपली मुले मागे पडू नयेत. धावताना स्नायू साठवलेली साखर जाळतात आणि दीड तासात तो साठा बराच संपतो. सामन्याआधी दोन-तीन तास भाकरी-वरण आणि नंतर केळी किंवा गूळ-शेंगदाणे, एवढे पुरते. वसमत भागाला केळी विकत आणावी लागावी असे काही नाही.

फुटबॉल हा आपल्याकडचा खेळ नव्हे, असेही एक सभासद म्हणाले. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम भरते, तसे आपल्याकडे नाही हे खरे. पण १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो, आणि तेव्हा हैदराबाद हे देशातले फुटबॉलचे मोठे ठाणे होते. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. हे गृहस्थ पेशाने शिक्षक, आणि विद्यार्थी असताना उस्मानिया विद्यापीठातील मुलांच्या संघातून खेळलेले. पुढे ते भारताचे प्रशिक्षक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, आणि १९६२ साली जाकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक मिळाले. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब वारले. त्यांच्यावर २०२४ मध्ये 'मैदान' हा हिंदी चित्रपट निघाला, पुष्कळांनी पाहिला असेल. चेंडू एकट्याने पायात घोळवत बसू नये, लहान-लहान पास देऊन पुढे न्यावा, हा त्यांचा आग्रह असे. उजव्या पायाच्या खेळाडूला ते डाव्या पायाने खेळायला लावीत. याला ना पैसा लागतो ना हिरवळ. आपल्या मुरमाच्या मैदानावरही ते होते.

आता मूळ अडचणीकडे येऊ. खेळाचा हंगाम आणि गाळपाचा हंगाम एकमेकांवर चढतात. महाविद्यालयाचे सामने होतात तेव्हा मोळी टाकायची वेळ जवळ आलेली असते, आणि पश्चिम विभागाच्या स्पर्धेला मुलगा निघतो तेव्हा फडात कोयता चालू असतो. पाठोपाठ हळद काढणी. घरात एकुलता तरुण हात असला तर बापाने काय करावे? आम्ही त्याला दोष देणार नाही. तोडीचा क्रम लागणीच्या नोंदीप्रमाणे लागतो आणि मॅच आहे म्हणून तो आम्ही बदलून देऊ शकत नाही, हेही स्पष्ट सांगतो. तसे केले तर उद्या प्रत्येकाच्या घरी मॅच निघेल!

पण एक करता येते. विद्यापीठाचे स्पर्धांचे वेळापत्रक सत्राच्या सुरुवातीला महाविद्यालयात येते. ते मुलाकडून मागून घ्यावे. आपल्या लागणीची नोंद आपल्याकडे असतेच. आडसालीला आणि खोडव्याला कोयता साधारण केव्हा लागेल, सुरूला केव्हा, हे शेतकी खात्याचे कर्मचारी अंदाजाने सांगतात. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोणते आठ दिवस अडचणीचे ते दोन महिने आधी कळते. तेवढ्यात भाऊबंदांशी सावड करता येते. चिटबॉयला आदल्या रात्री गाठून काही होत नाही.

प्रमाणपत्राविषयी दोन शब्द, कारण त्यावर गैरसमज फार. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण नुसते खेळल्याचे प्रमाणपत्र त्याला पुरत नाही. कोणत्या पातळीवरची स्पर्धा आणि त्यात कितवा क्रमांक, हे पाहतात. शिवाय क्रीडा खात्याकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. तेव्हा नोकरी मिळेल म्हणून कोणी मुलाला मैदानावर पाठवू नये, आणि मिळणार नाही म्हणून मागेही ओढू नये.

सुरुवातीला ज्यांचे सांगितले, त्या सभासदांचा मुलगा त्या दिवशी मॅचला गेला नाही. तो गोलरक्षक होता. त्याच्या जागी बचाव फळीतला एक मुलगा उभा राहिला आणि संघ पहिल्याच फेरीत तीन गोलांनी हरला. टोळी मात्र दुसऱ्या दिवशी आलीच नाही, चार दिवसांनी आली. यंदा ते गृहस्थ ऑगस्टमध्येच वेळापत्रकाची झेरॉक्स घेऊन गटकार्यालयात आले होते. मुलाचे पदवीचे शेवटचे वर्ष आहे. फडावर थांबायला त्यांनी मेहुण्याला बोलावून ठेवले आहे.