टोपीखालचे आटे

भोसरीच्या एमआयडीसीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'निपल द्या' म्हटले तर समोरून पहिला प्रश्न येतो, 'कसले?' ग्रीसचे, पाइपचे, की सायकलच्या आऱ्यांचे? आणि लगेच दुसरा, 'आटे कोणते?' टोपीवर उडणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचे निपल त्या दुकानात मिळणार नाही आणि मिळूही नये. त्याचे कायदेशीर कारण पुढे येईलच. पण दुकानदाराचा दुसरा प्रश्न त्या बंदुकीलाही तंतोतंत लागू पडतो. भरवशाचे निपल कसे ओळखावे, याचे निम्म्याहून जास्त उत्तर त्या प्रश्नात आहे, असे माझे मत आहे. या बंदुका बाळगणारे परवानाधारक आणि जुन्या शस्त्रांचे अभ्यासक चर्चा करतात ती धातूची, कंपनीची, किमतीची. मापाची चर्चा सर्वांत कमी होते, आणि बार फुसका जातो तो बहुधा मापामुळे.

ज्यांनी ही बंदूक जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिची रचना सांगायला हवी. दारू, त्यावर बुचासारखा कापडाचा किंवा कागदाचा गोळा आणि मग छर्रे, असे सगळे नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासतात. नळीच्या मागच्या टोकाला, घोड्याच्या बरोबर खाली, एक छोटा पोकळ सुळका आटे फिरवून बसवलेला असतो. तेच निपल. त्याच्या टोकावर तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. टोपीच्या आत आघाताने पेटणारा मसाला असतो. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, मसाला घोडा आणि निपलचे टोक यांच्यामध्ये चिरडला जातो आणि त्याची ज्योत सुळक्यातल्या बारीक छिद्रातून दारूपर्यंत जाते. एवढासा तुकडा तीन कामे करतो: तो ऐरण आहे, ज्योतीची वाट आहे आणि बार उडाल्यावर मागे उसळणारा वायू अडवणारे बूचही आहे. तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुकीत हा प्रकारच नव्हता. तिथे नळीला नुसता उघडा 'कान', म्हणजे छिद्र, आणि बाहेर रंजक, म्हणजे पेटवायची दारू. पाऊस आला की रंजक ओली, आणि कान तर कायम उघडाच. म्हणून तर शत्रूच्या तोफा निकामी करायला त्यांच्या कानात मेखा ठोकत.

टोपीने किती फरक पडला, याचा हिशेब उपलब्ध आहे. एडवर्ड हॉवर्डने १८०० मध्ये पाऱ्याचे फल्मिनेट जगासमोर मांडले, स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्सिथ या धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने बार उडवण्याचे पेटंट घेतले आणि पुढच्या दोन दशकांत तांब्याची टोपी रुळली. ब्रिटिश लष्कराने १८३४ मध्ये वुलविच येथे दोन्ही पद्धतींच्या बंदुकांतून प्रत्येकी ६,००० बार काढून पाहिले. चकमकीचे ९२२ बार फसले, टोपीचे ३६. चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या पुरवठादाराला हे त्याच्या भाषेत सांगायचे तर चकमक दीड लाखाहून जास्त पीपीएमवर (दर दहा लाखांत इतके फसलेले) होती आणि टोपी ६,००० पीपीएमवर आली. आजचा वाहन कारखाना सहा हजार पीपीएमवाल्या पुरवठादाराला दारातही उभे करणार नाही, पण १८३४ साली ही क्रांती होती. मे १८४१ मध्ये कँटनजवळ ३७व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची एक तुकडी मुसळधार पावसात वेढली गेली. शिपायांच्या हातात चकमकीच्या बंदुका होत्या आणि त्या भिजून मुक्या झाल्या. त्यांना सोडवायला आलेल्या मरीन सैनिकांकडे टोपीच्या बंदुका होत्या, त्या चालल्या. मात्र वुलविचचे ते आकडे वाचताना एक गोष्ट सहज निसटते. ते ३६ अपयश चाचणीसाठी तयार ठेवलेल्या बंदुकांचे, म्हणजे टोपी, निपल आणि घोडा एकमेकांशी जुळलेले असतानाचे आहेत. जुळणी बिघडली की तीच पद्धत झपाट्याने चकमकीच्या दिशेने घसरू लागते.

जुळणीतली पहिली गोष्ट म्हणजे आटे, आणि सर्वांत मोठा घोळही इथेच. जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचे एकच माप सगळीकडे असावे हा प्रस्ताव मांडला तो १८४१ मध्ये, म्हणजे टोपीची बंदूक लष्करात येत होती त्याच सुमारास. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही कित्येक कारागिरांनी निपलचे आटे आपापल्या डायने पाडले. एका कारागिराचे निपल दुसऱ्याच्या बंदुकीला लागेलच असे नाही. नव्या प्रतिकृतींत प्रमाण मापे आहेत, पण ती एकच नाहीत. अमेरिकी पद्धतीच्या पुष्कळ बंदुकांत पाव इंच व्यास आणि इंचाला २८ आटे. स्पेनच्या बंदुकांत सहा मिलिमीटर व्यास आणि एक मिलिमीटरचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर. इटलीच्या रिव्हॉल्व्हरांत व्यास तोच सहा, पण पिच पाऊण मिलिमीटरचा. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. आता हिशेब करू. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि इंचाला २८ आटे म्हणजे सुमारे ०.९१ मिलिमीटरचा पिच. त्या भोकात सहा मिलिमीटरचे निपल घातले तर व्यासातच ०.३५ मिलिमीटरची ढील राहते आणि प्रत्येक फेऱ्याला पिच ०.०९ मिलिमीटरने चुकत जातो. सहा फेऱ्यांत तो अर्ध्या आट्याहून जास्त सरकलेला असतो. असे निपल कधी खुळखुळत तळापर्यंत जाते, कधी मध्येच अडकते. अडकले की लावणाऱ्याला वाटते, छान घट्ट बसले. प्रत्यक्षात ते दोन-तीन आट्यांच्या कडांवर लटकलेले असते, आणि त्याच्या मागे दारूचा स्फोट व्हायचा असतो, घोड्याच्याही मागे माणसाचा डोळा. म्हणून पिच गेज आणि व्हर्निअर हातात घेतल्याशिवाय निपल विकत घेऊ नये. बोटाने फिरवल्यावर ते न अडखळता शेवटपर्यंत जायला हवे आणि त्याचा खांदा किंवा तळ बैठकीला सपाट टेकायला हवा. गळती थांबते ती या टेकण्याने. आटे फक्त धरून ठेवतात. एकट्या आट्यांवर वायू अडत नाही. स्पार्क प्लगखालचा वॉशर बदलणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरी जुळणी सुळक्याच्या टोकाची आणि टोपीची. टोपी अंगठ्याच्या दाबाने पूर्ण खाली बसावी, तिच्या आतला तळ निपलच्या टोकाला टेकावा आणि नळी खाली केली तरी ती गळू नये. सुळका जाड असेल तर टोपी अर्ध्यावर राहते. मग घोड्याचा पहिला फटका तिला खाली ढकलण्यातच खर्च होतो आणि बार उडतो तो दुसऱ्या फटक्याला. 'माझी बंदूक नेहमी दुसऱ्या फटक्याला उडते' ही तक्रार ऐकली की बहुतेक वेळा घोड्याच्या स्प्रिंगला दोष दिला जातो. दोष असतो तो सुळक्याच्या जाडीचा. सुळका बारीक असेल तर टोपी सैल बसते आणि लोक ती चिमटून अंडाकृती करून बसवतात. हा उपाय नव्हे, आत आघाताने पेटणारा मसाला असलेली वस्तू चिमटणे आहे. त्यातून टोपीवरचा क्रमांक पुरेसा नसतो. एकाच क्रमांकाच्या दोन कंपन्यांच्या टोप्या मापाने सारख्या निघतीलच असे नाही, आणि लष्करी बंदुकीची पंखवाली मोठी टोपी तर शिकारी बंदुकीच्या टोपीहून निराळीच. म्हणून क्रम उलटा असावा: परवानाधारक दुकानात जी टोपी सातत्याने मिळते ती आधी ठरवायची आणि तिला जुळणारे निपल नंतर निवडायचे.

छिद्राबाबत एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वरवर पटणाराही आहे: छिद्र मोठे तर ज्योत मोठी, ज्योत मोठी तर बार हुकणार नाही. पण ज्योत पुढे जाते त्याच वाटेने बाराचा वायू मागेही येतो. चांगल्या आधुनिक निपलचे छिद्र वर रुंद आणि तळाशी साधारण पाऊण मिलिमीटर एवढेच ठेवलेले असते ते यासाठीच. अरुंद तळातून ज्योत जोराने सुटते आणि परत येणाऱ्या वायूला वाट कमी मिळते. छिद्र झिजून मोठे झाले की बार उडताच घोडा मागे ढकलला जातो, कधी पार अर्ध्या चापावर येऊन थांबतो, आणि टोपीचे तुकडे बाहेर उडतात. तो घोडा म्हणजे बंदुकीने स्वतःच दिलेली सूचना असते. आकुर्डीच्या चेतकच्या जमान्यात कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार घालून कचरा काढायचा आणि मग स्कूटर पेट्रोल पिते म्हणून कुरकुर करायची, हा उद्योग घरोघरी चाले. निपलचे छिद्र तारेने कोरणाऱ्यांची गत तीच, फक्त इथे पेट्रोलऐवजी आग वाया जाते, तीही तोंडाच्या दिशेने. छिद्र तपासायचे तर माप ठाऊक असलेल्या बारीक ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा घालून पाहावा. नव्या निपलमध्ये न शिरणारा दांडा जुन्यात सहज गेला तर ते निपल बदलायला झाले.

आता धातू. त्याला महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. काळ्या दारूच्या ज्वलनातून वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन राख म्हणून मागे उरतो, ती ओल शोषते, आणि टोपीत क्लोरेट असेल तर मिठासारखा क्षारही येतो. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात साधे पोलाद एका आठवड्यात गंजाने बैठकीला चिकटते. स्टेनलेस किंवा काशासारखे मिश्रधातू तिथे टिकतात, हे खरे. पण टिकणे आणि जुळणे यांत फरक आहे. चुकीच्या पिचचे स्टेनलेस निपल फक्त जास्त दिवस चुकीचे राहते. कडकपणाचेही तसेच. मऊ निपलचे टोक घोड्याखाली छत्रीसारखे पसरते आणि मग टोपी चढत नाही. फार कडक केलेले निपल तडकते. पाणी देऊन पुन्हा नरम करण्याचे प्रमाण उष्णता-प्रक्रिया करणाऱ्या जाणकाराला कळते, पण ग्राहकाला ते पाहून कळत नाही. त्याला जे मोजता येते ते आधी मोजावे. आणि रिकाम्या निपलवर घोडा आपटून 'आवाज कसा खणखणीत येतो' ते पाहुण्यांना दाखवू नये.

दुसरा आक्षेप असा की ही सगळी कालबाह्य वस्तूंची उठाठेव आहे. पण निपल नाहीसे झाले नाही, ते काडतुसाच्या पोटात गेले. १८६६ पासून ब्रिटनने ठासणीच्या एनफिल्ड बंदुका स्नायडर पद्धतीने मागून भरता येतील अशा करून घेतल्या तेव्हा घोडा तोच राहिला. टोपी मात्र काडतुसाच्या बुडात गेली आणि तिच्यासोबत एक चिमुकली ऐरणही, जिच्यावर मसाला चिरडला जातो. पिंपरी-चिंचवडच्या वेशीला लागून, दापोडीपलीकडे खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला तो या नव्या काडतुसांच्या काळात. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग आहे. तिथल्या काडतुसातही टोपी, ऐरण आणि ज्योतीचे छिद्र हेच त्रिकूट आहे. फक्त जुळणी ग्राहकाच्या हातून काढून कारखान्याच्या गेजकडे सोपवलेली आहे. ठासणीच्या बंदुकीत ती जबाबदारी अजून मालकाची आहे.

मग जिथे इंजेक्टरचे याहून बारीक छिद्र रोज पाडले जाते त्या पट्ट्यात हे निपल सीएनसीवर का करून घेऊ नये? तांत्रिकदृष्ट्या ते फार अवघड नाही. कायद्याने मात्र तो गुन्हा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मधल्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही 'शस्त्र' आहेत, आणि कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय ते बनवता, विकता किंवा दुरुस्त करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. 'एकच पीस तर करायचा' हा जॉबवर्कवाल्याचा युक्तिवाद कोर्टात चालणार नाही. कायदा ठासणीच्या बंदुकीला ओळखतो. कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी तिचा परवाना देण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्या परवानाधारकाने बंदूक परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच न्यावी. पिच, टोपीचे माप आणि छिद्र हे तीन आकडे कागदावर लिहून नेले तर दोघांचेही काम सोपे होते.

जुन्या वाड्यांच्या भिंतींवर टांगलेल्या बंदुकांची गोष्ट आणखी नाजूक आहे. कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नसतील तरच. 'निपल नाही म्हणून चालत नाही' एवढ्याने ती सूट मिळत नाही, कारण निपल बसवता येते. आणि ते बसवून घेण्याचा मोह झालाच तर परवान्याचा प्रश्न उभा राहतो, शिवाय कारागिराने हाताने पाडलेले आटे नव्या टॅपखाली कायमचे पुसले जातात. अशा बंदुकीचे निपल गंजून अडकले असेल तर ते तसेच राहू द्यावे, वरून हलके तेल लावावे आणि नळी भरलेली तर राहिलेली नाही ना, एवढे जाणकाराकडून पाहून घ्यावे. ठासून ठेवलेला बार पन्नास वर्षांनीही आत कोरडा असू शकतो.