किल्ली कनवटीला, यादी खिशात

परवा पिंपळे गुरवात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. प्रवेशाचे दिवस, मुलामुलींची ही झुंबड. दुकानदार म्हणाला, ‘‘काका, तुमची फाइल तुम्हीच शोधा.’’ शोधू लागलो, तर कुणाचे आधार कार्ड, कुणाचा जातीचा दाखला, कुणाची गुणपत्रिका. त्यात एक अर्ज आमच्याच इमारतीतल्या मुलीचा, फोटो आणि मोबाइल क्रमांकासकट! मी नजर काढून घेतली. पण मागे रांग उभी होतीच.

दुकानदाराला बोल लावायला माझी जीभ धजेना. महाविद्यालयात परीक्षेचे काम पाहत होतो, तेव्हा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोहोरबंद होऊन लोखंडी कपाटात जात आणि किल्ली माझ्या कनवटीला असे. त्याच परीक्षेच्या गुणांची यादी मात्र मी पेन ड्राइव्हवर टाकून बसने खुशाल घरी आणीत असे. एकदा तो हरवला. दोन दिवस अन्न गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी धुतलेल्या शर्टाच्या खिशात सापडला. यादीला सांकेतिक कुलूप घातले असते, तर तो कुणाच्या हाती लागूनही पासवर्डाशिवाय काही वाचता आले नसते. हे मला निवृत्तीनंतर कळले!

घरच्या यादीचे हे, तर लाखोंच्या याद्यांचे काय? एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची नव्वद हजारांहून अधिक प्रवेशपत्रे टेलिग्रामवर झळकली. परीक्षा ३० तारखेला, म्हणजे आठवड्यावर आलेली. प्रश्नपत्रिका फुटलेली नाही, असा खुलासा आयोगाने केला. पण रात्रंदिवस अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांच्या पोटात गोळा आला तो आलाच. पुढे पोलिसांनी पुण्यातून एका १९ वर्षांच्या तरुणाला अटक केली. आमच्या नातवंडांच्या वयाचा!

त्याच वर्षी संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती नीट न सांभाळणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. आकडा भारदस्त खरा. पण प्राध्यापकांच्या फोनमध्ये वर्गाच्या याद्या असतात आणि तोच फोन घरी नातू खेळायला घेतो. त्याला वेगळे कुलूप घालायला खर्च काय येतो?

असो. त्या मुलीच्या आईला सांगावे की नाही, दोन दिवस घोळत होतो. शेवटी सांगितले. मुलगी आतून म्हणाली, ‘‘आजोबा, अनोळखी नंबरांवरून मेसेज येतात मला. नंबर कुठून मिळाला, तेच कळत नव्हतं.’’ दुकानातूनच गेला असेल, असे मी म्हणणार नाही.

संध्याकाळी आम्ही तिघे दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. त्याने तिच्या फाइली पुसल्या, रीसायकल बिनही रिकामे केले. मुलीने विचारले, ‘‘आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्या त्या?’’

त्याने काउंटरवरचा फोन उचलला. वर्षभराचे अर्ज त्यात होते.