समुद्राला लोहाचा खुराक

२००९च्या जानेवारीत ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन जहाज केपटाउनहून निघालं, तेव्हा त्यावर टनांनी हिराकस लादलेला होता. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. वेलीला लोह कमी पडून पानं पिवळी पडली की द्राक्षबागायतदार फवारतात, तोच. इथं तो दक्षिण अटलांटिकच्या पाण्यात सोडायचा होता. मोहिमेचं नाव ‘लोहाफेक्स’. तिचं नेतृत्व दोघांकडे होतं: गोव्यात दोना पावलला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे वाजिह नक्वी आणि जर्मनीतल्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे व्हिक्टर स्मेटाचेक.

या खटाटोपामागचा विचार जुना आहे. दक्षिणेकडच्या महासागरात नायट्रेट, फॉस्फेट मुबलक, पण जमिनीवरून उडून येणारी धूळ तिथवर फारशी पोचत नाही, म्हणून लोहाची वानवा. लोहावाचून सूक्ष्म शैवाल वाढत नाही. ते पुरवलं तर शैवाल फोफावेल, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेईल आणि मेल्यावर तळाशी जाईल. त्याबरोबर कार्बनही शेकडो वर्षं खोल पाण्यात अडकून पडेल. अर्धा टँकर लोह द्या, हिमयुग आणून दाखवतो, असं अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन १९८८मध्ये गमतीनं म्हणाले होते. १९९३मध्ये गालापागोसजवळ पहिला प्रयोग झाला. मार्टिन त्याच्या काही महिने आधीच वारले.

‘लोहाफेक्स’ समुद्रात पोचण्याआधीच वादात सापडली. महासागरात लोह टाकण्याला आळा घालण्याचा ठराव जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी २००८मध्ये बॉनला केला होता. अपवाद होता तो किनाऱ्यालगतच्या छोट्या प्रयोगांचा. मग भरसमुद्रातला ३०० चौरस किलोमीटरचा पट्टा त्यात कसा बसणार? पर्यावरणवादी संघटनांनी आवाज उठवला, जर्मन पर्यावरण मंत्रालयानं मोहीम थांबवायला सांगितलं. तज्ज्ञांकडून तपासणी करवून घेतल्यावर तिथल्याच संशोधन मंत्रालयानं २६ जानेवारीला हिरवा कंदील दाखवला. तोवर जहाज भरसमुद्रात होतं.

शास्त्रज्ञांनी एक मोठा सागरी भोवरा निवडला. भोवऱ्यातलं पाणी सहसा बाहेर विखुरत नाही, त्यामुळे खत घातलेला पट्टा नजरेखाली ठेवता येतो. हिराकस समुद्राच्या पाण्यात विरघळवून त्यांनी दोनदा सोडला, दर वेळी सुमारे दोन टन लोह. पुढे ३९ दिवस त्या पट्ट्याचा पाठपुरावा केला. शैवाल वाढलं खरं, पण हवं होतं ते नव्हे. खोलवर कार्बन नेण्यात पटाईत असतात डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं असतं आणि या पाण्यातलं सिलिका जवळपास संपलेलं होतं. वाढलं ते बिनकवचाचं मऊ शैवाल. त्यावर कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या प्राण्यांनी ताव मारला आणि कोपेपॉडना थोडे मोठे अँफिपॉड खाऊ लागले. कार्बन वरच्या पाण्यातच फिरत राहिला, खाली गेला तो अगदीच थोडा.

गंमत म्हणजे स्मेटाचेक यांच्याच २००४च्या ‘आयफेक्स’ प्रयोगाचा निष्कर्ष नेमका उलटा आहे. तिथं सिलिका भरपूर होतं, डायटम माजले आणि वाढलेल्या शैवालाचा निम्म्याहून अधिक भाग हजार मीटरच्या खाली गेला. महासागर तोच, जहाज तेच, लोहही तेच. फरक पडला तो पाण्यात आधीपासून काय होतं, यानं. कागदावरच्या हिशेबात न धरलेली अट प्रयोगानं उघडी पाडली, आणि त्याची किंमत एका भोवऱ्यापुरतीच राहिली.

हवामानात मुद्दाम हस्तक्षेप करण्याला जिओइंजिनीअरिंग म्हणतात. त्याच्या दुसऱ्या शाखेला, म्हणजे सूर्यप्रकाश अडवण्याला, ही सोय नाही. १९९१मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीनं स्थितांबरात कोट्यवधी टन सल्फर डायऑक्साइड फेकला, त्यातून बनलेल्या कणांनी ऊन अडवलं आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशानं उतरलं. हेच आपण मुद्दाम करावं का, याचा अभ्यास व्हायला हवा, असं ओझोनवरच्या कामासाठी नोबेल मिळालेल्या पॉल क्रुट्झेन यांनी २००६मध्ये लिहिलं, आणि तोवर दबक्या आवाजात चालणारी चर्चा उघडपणे होऊ लागली. थोडे कण सोडून पाहण्याच्या प्रकल्पासाठी हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना स्वीडनमध्ये आधी उपकरणांची निव्वळ चाचणी घ्यायची होती, तीही सामी आदिवासींच्या विरोधामुळे २०२१मध्ये बारगळली. २०२४मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला गेला.

पण समजा, कण सोडण्याचा प्रयोग झाला असता, तरी त्यानं काय सांगितलं असतं? कण हवेत किती टिकतात, एकमेकांना कसे चिकटतात, एवढंच. आपला प्रश्न वेगळा आहे: पाऊस पडेल का? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले गोविंदसामी बाला यांनी सहकाऱ्यांसह २००८मध्ये संगणकी प्रारूपांतून दाखवलं, की कार्बन डायऑक्साइडनं वाढलेली उष्णता ऊन अडवून पुरती भरून काढली तर तापमान पूर्वपदावर येतं, जगाचं सरासरी पर्जन्यमान मात्र घटतं. मान्सूनवर नेमका परिणाम काय, हे छोट्या पट्ट्यात तपासता येत नाही. ते बघायचं तर सारं आकाश वर्षानुवर्षं झाकावं लागेल. म्हणजे प्रयोग आणि अंमलबजावणी एकच. शिवाय मध्येच थांबवलं तर दबलेली उष्णता काही वर्षांतच उसळी घेईल.

म्हणून या दोन शाखांना एकच न्याय लावता येत नाही. हवेतला कार्बन काढून घेण्याचे काही मार्ग निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी लागणारच, असं संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलविषयक समिती, आयपीसीसीही म्हणते. ते एकेक करून पारखता येतात, फसले तर सोडता येतात. सूर्यप्रकाश अडवण्यासाठी मात्र आधी संमती हवी, आणि ती घ्यायला आज जागाच नाही. २०२४मध्ये नैरोबीच्या संयुक्त राष्ट्र पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडनं पुढे केलेला या विषयावरचा ठराव एकमताअभावी मागे घ्यावा लागला. मान्सूनवर पोट असलेल्या देशानं अशा वेळी दुसऱ्यांच्या प्रारूपांवर विसंबून राहू नये. स्वतःचं संशोधन करावं, नकारार्थी निष्कर्षही ‘लोहाफेक्स’सारखे जाहीर करावेत आणि त्या आधारावर वाटाघाटींच्या टेबलावर बसावं. उत्सर्जन घटवण्याचं काम यातल्या कशानंच टळत नाही.